डोंगरी सायकल आणि डांबरी रस्ता : गिअर बदलण्यापूर्वीचा विचार

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली ३ जून हा दिवस जागतिक सायकलदिन म्हणून जाहीर केला. तेव्हापासून दरवर्षी या सुमारास सायकलची स्तुती ठिकठिकाणी ऐकू येते. ती धूर सोडत नाही, तिला इंधन लागत नाही, तिच्यामुळे प्रकृती चांगली राहते, हे सर्व खरे आहे व सर्वांना पाठही आहे. परंतु स्तुतीने सायकल पळत नाही. चेन, दाते, टायर आणि चालवणाऱ्याचे पाय यांचा मेळ बसला तरच ती पळते. या मेळाचा हिशेब मांडणे हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

गोव्यातील गावोगावच्या बाल्कावांत व पडव्यांत अलीकडे जाड, काटेरी टायरांच्या गिअरच्या सायकली दिसतात. मुलगा किंवा मुलगी दहावी झाली म्हणून हौसेने घेतलेली सायकल दोन-तीन वर्षांत पोरकी होते. पुढे घरातील कोणी तरी, कधी शाळेत जाणारे शिक्षक, कधी कचेरीत जाणारी बहीण, ती झाडून-पुसून बाहेर काढतात व रोजच्या वापरात आणू लागतात. पहिल्याच आठवड्यात एक तक्रार उद्भवते : पाय फिरतात, दम लागतो, पण सायकल पुढे जात नाही. शेजारून साधी काळी सायकल संथपणे निघून जाते आणि एकवीस गिअरची सायकल मागे राहते. मग दुकानदार किंवा मित्र सल्ला देतो, 'गिअर बदलून घ्या.'

हा सल्ला कधी योग्य असतो, बहुधा अपुरा असतो आणि कधी कधी घातकही ठरतो. चुकीच्या सुट्या भागावर पैसे खर्च झाले व वेग काही वाढला नाही, म्हणजे मन खट्टू होते. सायकल पुन्हा पडवीत जाते आणि हप्त्यांवर मोटारसायकल दारात येते. याहून वाईट म्हणजे वेग वाढतो, परंतु ब्रेक जुनेच राहतात. त्यामुळे पैसा, प्रकृती आणि जीव या तिन्हींच्या दृष्टीने हा विषय समजून घेणे जरूर आहे.

ही सायकल आली कोठून?

या सायकलीचा स्वभाव कळण्यासाठी तिचे कुळ ठाऊक असावे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. १९७० नंतरच्या दशकात तेथील काही तरुण चाळीस वर्षांपूर्वीच्या जुन्या, जाड टायरांच्या, अवजड सायकली घेऊन डोंगरावरच्या मातीच्या वाटांनी खाली उतरू लागले. १९७६ पासून तेथे 'रीपॅक' या नावाने उताराच्या शर्यती होऊ लागल्या. नावाचे कारण मजेशीर आहे. त्या सायकलींचे ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असत. उतार संपेपर्यंत ते इतके तापत, की आतील ग्रीस जळून जाई व ते पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे, म्हणून रीपॅक. जो ब्रिझ, गॅरी फिशर, टॉम रिची आदी मंडळींनी पुढे या कामासाठी खास सांगाडे व सायकली तयार केल्या. १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' ही मोठ्या संख्येने तयार झालेली माउंटन बाइक बाजारात आली आणि हा प्रकार जगभर पसरला.

सारांश, या सायकलीची घडणच मुळी सैल मातीत पकड राहावी, खडकांवरून उडताना चाक वाकू नये आणि उभा चढ बसून चढता यावा, यासाठी झाली. जाड टायर, मजबूत सांगाडा, रुंद हँडल आणि हलके गिअर हे तिचे गुण आहेत. डांबरी रस्त्यावर आल्यावर यांतील काही गुण ओझे होतात. तिला रस्त्याला सरावायचे असेल, तर कोणते ओझे आधी उतरवावे, एवढाच प्रश्न उरतो.

दात्यांचे गणित

गिअर म्हणजे दात्यांचे गुणोत्तर होय. पायडलाशी जोडलेल्या पुढच्या चक्राला ४२ दाते आणि मागच्या चाकावरील चक्राला १४ दाते असतील, तर पायडल एकदा फिरले म्हणजे मागचे चाक ४२ भागिले १४, म्हणजे तीन वेळा फिरते. २६ इंची चाकावर १.९५ इंच रुंदीचा टायर असेल, तर त्याचा घेर सुमारे २.०५ मीटर असतो. तीन वेळा २.०५ म्हणजे ६.१५ मीटर. पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल एवढे अंतर तोडते.

आता या हिशेबात पायांची गती घालावी. मिनिटाला ६० फेरे या संथ गतीने पाय चालले, तर ताशी सुमारे २२ किलोमीटर वेग मिळतो. ८० फेरे झाले तर तोच वेग साडेएकोणतीस किलोमीटर होतो. आपल्याकडील साध्या काळ्या सायकलीला बहुधा पुढे ४४ व मागे १८ दाते असतात. तिचे चाक मोठे असल्यामुळे एका फेऱ्यात ती सुमारे ५.४ मीटर जाते. म्हणजे २४, ३४ व ४२ दात्यांची तीन चक्रे पुढे आणि १४ पासून २८ दात्यांपर्यंतची सात चक्रे मागे असलेल्या सामान्य डोंगरी सायकलीचा सर्वांत जड गिअर हा साध्या सायकलीच्या एकमेव गिअरपेक्षा जडच असतो.

तेव्हा साधी सायकल पुढे निघून जाण्याचे कारण दात्यांत नाही. ते अन्यत्र शोधले पाहिजे.

येथे एकवीस गिअरच्या मोहाविषयीही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. तीन गुणिले सात म्हणजे एकवीस हे खरे, परंतु ते एकवीस निराळे गिअर नव्हेत. पुढे ४२ व मागे २८ ठेवले तर गुणोत्तर दीड येते. पुढे २४ व मागे १६ ठेवले तरीही ते दीडच येते. शिवाय पुढचे सर्वांत मोठे व मागचेही सर्वांत मोठे चक्र एकाच वेळी वापरल्यास चेन तिरपी ओढली जाते, कुरकुरते व लवकर झिजते. पुढचे सर्वांत लहान व मागचेही सर्वांत लहान वापरल्यास तेच होते. पुनरावृत्ती व अशा तिरप्या जोड्या वगळल्या, तर खऱ्या उपयोगाचे दहा-बारा गिअर उरतात. रोजच्या सपाट रस्त्यासाठी त्यांतील तीन-चार पुरतात.

आपल्याला जड गिअर हवा आहे का?

याची परीक्षा बिनखर्ची आहे. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, नेहमीच्या वेगाने सायकल चालवावी आणि उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजावे. त्या संख्येला चाराने गुणले, म्हणजे मिनिटाचे फेरे मिळतात. वीस आले तर ८० फेरे.

पुष्कळांचा आकडा ५० ते ६० च्या दरम्यान येतो. अशा व्यक्तीला जड गिअरची गरज नाही. उलट एक-दोन गिअर हलके करून पाय थोडे जलद फिरवण्याची सवय लावणे तिच्या हिताचे आहे. जड गिअरात संथ पाय म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर मोठा दाब. हलक्या गिअरात जलद पाय म्हणजे तोच भार अनेक लहान हप्त्यांत फेडणे. सावकाराचे कर्ज आणि गुडघ्याचे दुखणे, दोन्ही लहान हप्त्यांनी आवरतात. सरावाने ७५ ते ९० फेरे सहज जमू लागतात.

याच्या उलट, सर्वांत जड गिअर लावूनही सपाट रस्त्यावर पाय मिनिटाला ९० हून अधिक वेळा फिरत असतील आणि अंगात जोर शिल्लक असेल, तर त्या व्यक्तीला गिअर खरोखर अपुरा पडतो. वरील सायकलीवर याचा अर्थ ताशी ३३ किलोमीटरच्या पुढचा वेग. कचेरीला जाणाऱ्या माणसांत असे थोडेच.

वाऱ्याची किंमत

वेग का वाढत नाही, याचे मोठे उत्तर हवेत आहे. हवा कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरवरून २५ वर जायचे, तर वेग सव्वापट होतो, पण हवेपुरती शक्ती जवळजवळ दुप्पट लागते. ३० वर जायचे असेल तर ती तिपटीहून अधिक लागते. ही शक्ती दाते देत नाहीत, पाय देतात.

आणि मिळते काय? बारा किलोमीटरचे अंतर ताशी २० च्या वेगाने ३६ मिनिटांत होते, २५ च्या वेगाने सुमारे २९ मिनिटांत आणि ३० च्या वेगाने २४ मिनिटांत. २० वरून २५ वर येण्याने सात मिनिटे वाचतात व ती माफक श्रमात वाचवता येतात. पुढची पाच मिनिटे मात्र फार महाग पडतात. कचेरीत घामाघूम होऊन पोहोचायचे नसेल, तर २२ ते २५ हा वेग शहाणपणाचा मानावा.

पणजी ते जुने गोवे हा रस्ता येथे दाखला म्हणून घेता येईल. पणजी व रायबंदर यांना जोडणारा सतराव्या शतकातील लांब बांध नदीकाठाने सरळ जातो. चढ जवळजवळ नाही, आडोसाही नाही. कोरड्या ऋतूत सकाळी जमिनीकडून मतलई वारा वाहतो व दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. जुन्या गोव्याकडून सकाळी पणजीला येणाऱ्याच्या पाठीशी मतलई असते व संध्याकाळी परतताना खारा वारा त्याला पुढे ढकलतो. उलट दिशेने नोकरीला जाणाऱ्याला दोन्ही वेळा वारा समोरून लागतो. एकच रस्ता, एकच सायकल, पण एकाला जड गिअर हवासा वाटेल व दुसऱ्याला हलका. म्हणून दुसऱ्याने काय बसवले, हे पाहून सुटे भाग विकत घेऊ नयेत.

खर्चाचा क्रम

हातात मोजके पैसे असतील, तर ते पुढील क्रमाने खर्च करावेत.

पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे. टायरात हवा पुरेशी आहे का ते पाहावे. टायरच्या कडेवर हवेच्या दाबाची मर्यादा छापलेली असते. तिच्या आत राहून, पण अंगठ्याने दाबून समाधान मानण्यापेक्षा दाबमापकाने मोजून, हवा भरावी. चाक हाताने फिरवून ब्रेकचा रबर रिमला घासत तर नाही ना, हे तपासावे. चेन फडक्याने पुसून तिला तेल द्यावे व वरचे जादा तेल टिपून घ्यावे. सीटची उंची नीट करावी. टाच पायडलावर ठेवली असता पायडल सर्वांत खाली आल्यावर पाय सरळ झाला पाहिजे. मग पायाचा चवडा पायडलावर ठेवून चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. डोंगरी सायकलींची सीट मुलाच्या उंचीची राहून गेलेली असते व मोठी माणसे तशाच सायकली महिनोन् महिने चालवतात. पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंग असून ती बंद करण्याची कळ असेल, तर डांबरी रस्त्यावर ती बंद ठेवावी. नाही तर पायाचा जोर वरखाली होण्यात वाया जातो.

दुसरी पायरी टायरांची. काटेरी टायर डांबरावर गुरगुरतो. तो आवाज म्हणजे वाया जाणारे श्रमच होत. त्याऐवजी दीड इंच रुंदीचा गुळगुळीत किंवा उथळ नक्षीचा टायर बसवला, तर वेगातील फरक पहिल्याच दिवशी जाणवतो. त्याचा घेर थोडा कमी, म्हणजे सुमारे २.०१ मीटर असतो. त्यामुळे हिशेबाने प्रत्येक गिअर दोन टक्क्यांनी हलका होतो. तरीही सायकल अधिक वेगाने जाते. गिअरच्या जडपणापेक्षा टायरचे घर्षण किती महत्त्वाचे आहे, हे यावरून लक्षात यावे.

टायर घेताना एक सावधगिरी बाळगावी. '२६ इंच' हे नाव निरनिराळ्या मापांना लावले जाते. डोंगरी सायकलीच्या २६ इंची रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर असतो. २६ × १ ३/८ असे छापलेल्या साध्या सायकलीच्या टायरसाठी तो ५९० असतो. दोन्ही '२६'च, पण एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. टायरच्या कडेवर ४७-५५९ किंवा ४०-५५९ अशी जोडसंख्या असते. तीतील दुसरा आकडा जुळला पाहिजे. सत्तावीस-साडे म्हटल्या जाणाऱ्या चाकासाठी तो ५८४ आणि २९ इंची चाकासाठी ६२२ असतो. जुन्या टायरवरील आकडा कागदावर उतरवून दुकानात न्यावा, म्हणजे फेरी वाचते.

गिअर बदलायचेच ठरले तर

वरील दोन पायऱ्या झाल्यावर महिनाभर सायकल चालवावी. त्यानंतरही पाय मोकळे फिरत असतील, तर तिसरी पायरी मागच्या चक्रांची. मागे १४ ऐवजी ११ दात्यांचे लहान चक्र आले, तर पुढच्या ४२ शी त्याचे गुणोत्तर ३.८२ होते, एका फेऱ्यात सायकल ७.८ मीटर जाते आणि ८० फेऱ्यांना वेग ताशी ३७ किलोमीटरच्या पुढे जातो. चढासाठीचे २८ दात्यांचे चक्रही कायम राहू शकते. मात्र चक्रांची संख्या तीच ठेवून टोके लांब केली, तर मधल्या पायऱ्या मोठ्या होतात. १४-१६-१८-२० अशा चढत्या क्रमाऐवजी ११-१३-१५-१८ असा क्रम येतो व एक गिअर बदलताच पायांच्या गतीत झटका बसतो.

येथे मागच्या चाकाची जात ओळखणे जरूर आहे. काही सायकलींना पेचाचे फ्रीव्हील असते. सर्व चक्रे व आतील खटका मिळून तो एकच गोळा असतो आणि तो तुंब्यावर आट्यांनी बसवलेला असतो. पायडल मारण्यानेच तो अधिकाधिक आवळत जातो, म्हणून काढण्यासाठी त्याच खाचांचा पाना लागतो. छिन्नी-हातोडा चालवू नये. दुसऱ्या प्रकारात खटका तुंब्यातच असतो व चक्रांचा संच, ज्याला कॅसेट म्हणतात, त्यावर सरकवून कड्याने आवळतात. फ्रीव्हीलच्या चाकावर कॅसेट बसत नाही. त्यासाठी तुंबा किंवा पूर्ण चाकच बदलावे लागते व खर्च वाढतो. तसेच सातच्या जागी आठ किंवा नऊ चक्रे बसवली, तर हँडलवरील गिअरची कळही तितक्याच संख्येची हवी, आणि नऊसाठी चेनही अरुंद हवी. एक भाग बदलला की त्याच्या मागोमाग तीन भाग दार ठोठावतात, हे दुकानात जाण्यापूर्वीच लक्षात घ्यावे.

चौथी पायरी पुढच्या चक्रांची. स्वस्त सायकलींची पुढची तिन्ही चक्रे रिव्हेटने जोडलेली असतात. एकच चक्र बदलता येत नाही, क्रँकसह संपूर्ण संच बदलावा लागतो. बाजारात २४-३४-४२ या संचाच्या जोडीला २८-३८-४८ दात्यांचा संचही मिळतो व रस्त्यासाठी तो सोयीचा आहे. ४८ ला १४ या जोडीने ८० फेऱ्यांना ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेग येतो. परंतु त्याचा खरा लाभ मधल्या ३८ च्या चक्रात आहे. मागे २०, १८ व १६ या मधल्या चक्रांवर चेन ठेवून ताशी १९ ते २३ किलोमीटरचा रोजचा वेग सरळ चेनने साधतो, पुढचा गिअर वारंवार बदलावा लागत नाही आणि दाते सारखे झिजतात.

या बदलात तीन गोष्टी मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात. एक, मोठे चक्र सांगाड्याच्या मागच्या नळीला घासत नाही ना. जाड टायरांसाठी डोंगरी सायकलीच्या या नळ्या बाहेर फाकवलेल्या असतात व तेथे जागा कमी असते. दोन, पुढचा डिरेलर तेवढाच वर सरकवला आहे ना. त्याची पट्टी मोठ्या चक्राच्या दात्यांपासून एक ते तीन मिलिमीटर वर असावी. तीन, चेनची लांबी. पुढच्या सर्वांत मोठ्या व मागच्या सर्वांत मोठ्या चक्राभोवती, मागच्या डिरेलरमधून न घालता, चेन गुंडाळून पाहावी व तीत एक इंच अधिक ठेवावा. चेन आखूड राहिली आणि चुकून दोन्ही मोठी चक्रे एकत्र आली, तर डिरेलर उखडून आऱ्यांत जातो आणि स्वार रस्त्यावर.

अलीकडच्या महागड्या डोंगरी सायकलींना पुढे एकच, बहुधा ३२ दात्यांचे चक्र असते. तेथे ३६ चे चक्र बसवल्यास प्रत्येक गिअर आठव्या हिश्शाने जड होतो. नळीला जागा असेल, तर रस्त्यासाठी हा एकच बदल पुरेसा आहे.

आणखी एक. जुन्या चेनवर नवी चक्रे किंवा झिजलेल्या चक्रांवर नवी चेन बसवू नये. दात्यांवरून ती घसरते. चेनची झीज शाळेतील फूटपट्टीने मोजता येते. चेनच्या बारा पूर्ण कड्या नव्या असताना बरोबर बारा इंच भरतात. त्या एक-षोडशांश इंच जास्त भरू लागल्या, की चेन बदलावी. वेळीच बदललेली चेन महागडी चक्रे वाचवते. एक-अष्टमांश इंच वाढ झाली असेल, तर चक्रेही बहुधा कामातून गेलेली असतात.

चढ विसरू नये

सपाट रस्त्याच्या ओढीने काही जण पुढचे लहान चक्र काढूनच टाकतात. गोव्याची जमीन त्यांना लवकरच शहाणे करते. बाणस्तारी ओलांडून फोंड्याकडे निघालेल्या माणसाला फर्मागुडीचा चढ चुकत नाही. म्हापशाहून पणजीस येणाऱ्याला पर्वरीचे पठार चढावेच लागते. पुढे २८ व मागे २८ दाते ठेवले, तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी सात किलोमीटरच्या वेगाने, दम न तुटता, चढ चढता येतो. पाठीवर दप्तर किंवा कॅरियरवर तांदळाची पिशवी असेल, तर हाच गिअर उपयोगी पडतो. टूर द फ्रान्स या विख्यात शर्यतीत १९३७ पर्यंत डिरेलरच्या गिअरला परवानगी नव्हती. गिअर हे दुबळ्यांचे साधन आहे, असे तिचे संस्थापक आंरी देग्रांज यांचे मत होते. शर्यतीचा मान राखण्यासाठी ते ठीक असेल. रोज चढ चढून पोटामागे जाणाऱ्या माणसाने हलक्या गिअरची लाज बाळगण्याचे कारण नाही.

वेगाआधी ब्रेक

वेग २० वरून ३० वर गेला, की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा सव्वादोन पट होते. म्हणून गिअरवर एक रुपयाही खर्च करण्यापूर्वी ब्रेकचे रबर आणि तारा नव्या कराव्यात. पावसाळ्यात रिम ओली असली म्हणजे ब्रेक उशिरा लागतो. उतारावर तो आधीच हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी. गुळगुळीत टायर ओल्या डांबरावर चांगला चालतो, परंतु रस्त्यावरील रंगाचे पट्टे, लोखंडी झाकणे, ओला पाचोळा आणि फेरीबोटीच्या धक्क्यावरील शेवाळ येथे तो दगा देतो. अशा ठिकाणी उतरून चालत जावे. तांबड्या चिखलाने माखलेली चेन त्याच संध्याकाळी धुऊन तेल द्यावे. पुढे पांढरा दिवा, मागे तांबडा दिवा व परावर्तक, डोक्यावर शिरस्त्राण आणि वाजणारी घंटा हे सर्व नव्या गिअरच्या आधी यावे. मोटारचालक सायकलचा वेग जुन्या अंदाजानेच धरतो व वळताना फसतो. वेगवान सायकलस्वाराला हा धोका अधिक आहे.

शाळा, कचेरी आणि गाव

शिक्षकांना या विषयात एक आयता पाठ मिळतो. मागच्या टायरवर खडूची खूण करावी, पायडल एक फेरा फिरवावे व सायकल किती पुढे गेली ते मापनपट्टीने मोजावे. मुलांनी आधी दाते मोजून उत्तर काढावे व मग मोजमापाशी ताडून पाहावे. गुणोत्तर, घेर आणि वेग हे तिन्ही धडे एका सकाळी अंगणात शिकवून होतात व ते मुलांच्या विस्मरणात जात नाहीत.

कचेऱ्यांच्या प्रमुखांनी पाहण्यासारख्या गोष्टीही साध्या आहेत. पावसापासून आडोसा असलेली सायकली ठेवण्याची जागा, हातपाय धुण्यापुरते पाणी आणि हवा भरण्याचा एक दाबमापकासह पंप, एवढ्याने पुष्कळ कर्मचाऱ्यांचा संकोच दूर होईल. रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीच्या सळ्या रस्त्याला समांतर असतील, तर अरुंद टायर तीत अडकतो. त्या आडव्या असाव्यात, हे बांधकाम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पंचायतींनी गावच्या सायकल मिस्त्रीला विसरू नये. फ्रीव्हीलचा पाना, क्रँक ओढण्याचे साधन आणि चेनची पिन काढण्याचे यंत्र ही तीन हत्यारे त्याच्याजवळ असली, तर वर सांगितलेले जवळजवळ सर्व काम गावातच होऊ शकते.

शेवटी एवढेच सांगावयाचे, की आपल्या पडवीतील सायकल आधी अंगणात आणावी, तिचे दाते मोजावेत, टायरवरील आकडे वाचावेत, आपले फेरे मोजावेत आणि मग खिशात हात घालावा. हवा, तेल, सीट, ब्रेक, टायर, मागची चक्रे, पुढची चक्रे हा क्रम ज्याने पाळला, त्याला बहुधा पाचव्या शब्दापाशीच हवा तो वेग मिळालेला असेल. उरलेले पैसे त्याने पावसाळ्यातील चेनसाठी बाजूला ठेवावेत.